डफडं पाहिजे, जयभीम नको!

कॉलेजच्या ग्रुप प्रोजेक्टला ट्रॅक करायचा होता. इंदोऱ्याच्या पोरानं चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतलं डफडं मोबाईलवर रेकॉर्ड करून आणलं. त्याचा लूप केला, सगळा ट्रॅक त्याच्यावर उभा राहिला. मग दोस्त म्हणतात, "डफडं राहू दे, मधला 'जयभीम' तेवढा काप. पोलिटिकल वाटतं." वाजवणाऱ्याचं नाव? छे! 'फोक परकशन'!

वा रे वा! मेल्या ढोराचं कातडं, भाकरतुकड्यासाठी गावकीत वाजवलं तवा विटाळ. आता लॅपटॉपात शिरलं की 'साऊंड'?

म्हणे मशीनला जात नसते. खरंय. माऊस धरणाऱ्या हाताला असते!

१९८०च्या दशकात डेट्रॉइटच्या काळ्या पोरांनी, वॉन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे, केविन सॉन्डरसन यांनी, ड्रममशीनवर टेक्नो घडवला. जग त्यावर नाचलं आणि काळी नावं विसरलं. ज्या काळ्या पँथरवरून १९७२ साली आपण नाव घेतलं, त्यांचेच हे भाऊबंद.

दोस्तहो, १९५६ साली याच नागपुरात आपण धर्म सोडला, आवाज गहाण टाकला नाही. 'जयभीम' राहील, वाजवणाऱ्याचं नावही राहील. नाहीतर लूप उचला नि चालू पडा. उरेल त्या शांततेवर घ्या म्हणावं मार्क!