बर्फातला नकाशा आणि अंगातला ताप

हातात नकाशा आणि होकायंत्र, समोर अनोळखी जंगल, आणि त्यात ठरलेल्या क्रमाने गाठायच्या पांढऱ्या-नारिंगी खुणा. ओरिएंटिअरिंग हा खेळ एवढाच, पण तो पाय आणि डोके दोन्ही दमवतो. उत्तर युरोपात तो रुजला आणि हिवाळ्यात तिथे स्कीवरूनही खेळला जातो. बर्फाळ डोंगरातल्या जंगलात सराव करायला परदेशी जाणाऱ्यांची तयारी पाहिली, तर पायांची ताकद, नकाशावाचन, बूट, कपडे यांचा बारकाईने विचार झालेला दिसतो. आजारी पडल्यावर थांबायचे कसे, हे मात्र बहुतेक वेळा कोणी ठरवलेलेच नसते. या सरावातला खरा धोका इथे आहे.

बर्फातला सराव उपयोगी असतो, यात शंका नाही. पायवाटा, ओहोळ, लहान खडक बर्फाखाली दडतात. उरतो तो जमिनीचा चढ-उतार. त्यामुळे नकाशावरच्या तपकिरी समोच्च रेषा वाचल्यावाचून गत्यंतर राहत नाही. पुढे गेलेल्यांच्या पाऊलखुणांमागे जाण्याचा मोह होतो आणि पुढचाच चुकलेला असला तर मागचेही चुकतात. सह्याद्रीत वाढलेल्या पायांना भुसभुशीत बर्फातून धावण्याची सवय नसते. तेवढेच अंतर कापायला कितीतरी जास्त श्रम पडतात.

पण शरीर तिथे ताजेतवाने पोहोचत नाही. लांबचा विमानप्रवास, अपुरी झोप, घड्याळातला फरक, एकाच खोलीत चार-सहा जणांचा मुक्काम. हिवाळ्यात स्वीडनची वेळ भारतापेक्षा साडेचार तास मागे असते. अशात तिसऱ्या-चौथ्या दिवशी घसा धरतो, अंग कसकसते. शिबिराचे पैसे भरलेले, रजा काढलेली, व्हिसासाठी खेटे घातलेले. मग तापाची एक गोळी घेऊन माणूस जंगलात उतरतो.

हे करू नये, असे सांगण्यामागे स्वीडनचा कटू अनुभव आहे. १९७९ ते १९९२ या काळात तिथल्या १६ तरुण ओरिएंटिअरिंगपटूंचा अचानक मृत्यू झाला. शवविच्छेदनात सर्वाधिक आढळलेली बाब होती हृदयाच्या स्नायूचा दाह, म्हणजे मायोकार्डायटिस. कोणत्या जंतूमुळे हे घडले, यावर पुढे बरेच संशोधन झाले आणि एकाहून अधिक जंतूंवर संशय घेतला गेला. अखेर वरच्या पातळीवरचा सराव आणि स्पर्धा काही महिने थांबवण्यात आल्या. संसर्ग असताना सराव करायचा नाही, हा नियम खेळाडूंच्या मनावर ठसवला गेला. त्यानंतर मृत्यूंची ती मालिका थांबली. ज्या देशाने हा खेळ जगाला दिला, त्यालाच हा धडा एवढी किंमत मोजून शिकावा लागला.

संसर्गात काही वेळा विषाणू हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचतात. तिथे सूज आलेली असताना जोरकस व्यायाम केला, तर हृदयाचे ठोके जीवघेणे अनियमित होऊ शकतात. तापाची गोळी ताप उतरवते, संसर्ग नव्हे. उलट ‘आता बरे वाटते’ असा फसवा दिलासा देते. मायोकार्डायटिसचे निदान झालेल्या खेळाडूंना साधारणपणे तीन ते सहा महिने स्पर्धात्मक खेळापासून दूर राहण्याचा सल्ला दिला जातो. त्यापुढे शिबिरातले चार दिवस बुडणे ही काय मोठी गोष्ट?

थंडीचेही असेच आहे. धावताना घामाने कपडे भिजतात. खूण सापडेना म्हणून धावणारा थांबला, की अंग झपाट्याने गार पडते. शरीराच्या आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की हायपोथर्मिया म्हणतात. बोटे ऐकत नाहीत, जीभ अडखळते आणि विचार मंदावतो. आपला निर्णय चुकतो आहे, हे ज्याचे चुकते आहे त्यालाच उमगत नाही. हा सारा खेळच निर्णयांचा, म्हणून इथे ते अधिक घातक.

‘एवढ्या-तेवढ्या सर्दीने घरात बसलो तर सराव व्हायचा कधी?’ हा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. नुसते नाक गळत असेल, ताप नसेल, तर हलका सराव बहुतेकांना चालतो. पण ताप, अंगदुखी, छातीतला खोकला, धाप, छातीत दुखणे किंवा धडधड यांपैकी काहीही असले तर विश्रांतीच घ्यावी. छातीशी संबंधित तक्रार असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा धावू नये. रोज सकाळी अंथरुणातच नाडी मोजावी. ती नेहमीपेक्षा बरीच वाढलेली असेल तर शरीर काहीतरी सांगते आहे.

मात्र हा निर्णय एकट्या खेळाडूवर सोडणे योग्य नाही. आजारात पैशांची हळहळ आडवी येते आणि थंडीत डोकेच साथ देत नाही. म्हणून नियम आधीच ठरलेले हवेत. ताप असलेला सरावाला येणार नाही आणि त्यामुळे संघातली त्याची जागा जाणार नाही, हे प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगावे. परतीची वेळ ठरवून द्यावी. ती टळली की शोध सुरू व्हावा. नवख्याला एकट्याने पाठवू नये. प्रत्येकाकडे शिट्टी आणि कोरडा जादा कपडा असावा. मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट थांबून पुन्हा तेच, हा डोंगरातला मदतीचा संकेत पाठ असावा. प्रवासविमा घेताना डोंगरातल्या बचावाचा खर्च त्यात धरला आहे का, हेही पाहावे.

खूण चुकली तर मागे फिरून पुन्हा शोधता येते. तापात धावायला निघालेल्याला मात्र तशी संधी मिळेलच असे नाही. हिवाळा पुढच्या वर्षीही येणार आहे.