ब्रेडचं बटण कुणी दाबायचं?

‘घरचा ब्रेड म्हणजे बायकांच्या मागे आणखी एक काम!’ असं मैत्रिणी म्हणतात. मला नाही पटत. २०१६ मध्ये दिल्लीतल्या ब्रेडच्या तपासणीत पोटॅशियम ब्रोमेट सापडलं, त्याच वर्षी त्यावर बंदी आली. घरी निदान आत काय घातलंय ते कळतं. ब्रेडच्या यंत्रात पाणी, तेल, मीठ, साखर, पीठ आणि सर्वांत वर यीस्ट घालायचं. मळणं, फुगवणं, भाजणं ते तीन-चार तासांत करतं. नुसत्या कणकेचा ब्रेड दडस होतो, म्हणून अर्धा मैदा घ्यावा. मध्येच वीज गेली तर मात्र पंचाईत! पण यात हाताचं कसब लागत नाही, हे महत्त्वाचं. ‘पोळ्या जमत नाहीत’ म्हणणाऱ्या नवऱ्याला, मुलाला माप आणि बटण नक्की जमेल. तेव्हा मैत्रिणींनो, यंत्र जरूर घ्या. फक्त बटण दरवेळी आपणच दाबायचं नाही!