ग्रंथपाल डोरोथी व्होगेल आणि आपल्या घरातली कपाटे

निवृत्तीनंतर माणसाने काय करावे, याची आपल्याकडे ठरलेली यादी आहे. हजला जाऊन यावे, उरलेली लग्ने उरकावीत, घरावर एक मजला चढवावा आणि मशिदीच्या किंवा शाळेच्या कमिटीत बसावे. यात वाईट काही नाही. पण ज्यांचे आयुष्य पुस्तकांत गेले, त्या शिक्षकांनी आणि ग्रंथपालांनी जमवलेल्या साठ्याचे काय करायचे, हा प्रश्न या यादीत कधीच नसतो. न्यूयॉर्कच्या एका ग्रंथपाल बाईंनी त्याचे उत्तर आपल्या हयातीतच दिले. आपल्या उर्दू-मराठी घरांनी ते समजून घ्यावे असे मला वाटते.

डोरोथी व्होगेल यांचा जन्म 1935 चा. ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन त्या ब्रुकलिनच्या सार्वजनिक वाचनालयात नोकरीला लागल्या आणि 1990 मध्ये तिथूनच निवृत्त झाल्या. त्यांचे पती हर्बर्ट टपाल खात्यात कारकून होते आणि रात्रपाळीत पत्रांची छाननी करत. त्यांचे शालेय शिक्षणही पूर्ण झालेले नव्हते. 1962 मध्ये लग्न झाले. दोघांनाही चित्रकलेची ओढ होती, सुरुवातीला ते स्वतःच चित्रे काढत. पुढे त्यांनी ठरवले की आपण चित्रकार होण्यापेक्षा चित्रकारांची कामे विकत घ्यावीत. घरखर्च डोरोथींच्या पगारात चालवायचा आणि हर्बर्ट यांचा पगार चित्रांसाठी ठेवायचा, असा हिशोब ठरला. आपल्याकडच्या कितीतरी जोडप्यांनी एकाच्या पगारात घर चालवून दुसऱ्याच्या पगारात मुलींचे लग्न किंवा फ्लॅटचा हप्ता भागवला आहे. हिशोब ओळखीचाच आहे, फक्त खर्चाचे खाते वेगळे.

त्यांच्या खरेदीचे नियमही साधे होते. किंमत परवडली पाहिजे, आणि वस्तू भुयारी रेल्वेतून किंवा टॅक्सीतून आणून त्यांच्या एका बेडरूमच्या भाड्याच्या घरात मावली पाहिजे. सोल लेविट, रिचर्ड टटल अशी नावे तेव्हा फारशी कुणाला ठाऊक नव्हती. त्यांची कामे या दांपत्याने घेतली, कधी हप्त्याहप्त्याने पैसे फेडून. भिंती भरल्या, मग पलंगाखालची जागाही भरली. चार हजारांहून अधिक कामे जमली. त्यातल्या अनेकांच्या किमती पुढे कुठच्या कुठे गेल्या. थोडी कामे विकली असती तरी दोघांना ऐषोआरामात राहता आले असते. पण नफ्यासाठी त्यांनी काही विकले नाही.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, 1992 मध्ये, त्यांनी हा संग्रह वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे सोपवण्याचे ठरवले. त्या छोट्या घरातून तो हलवायला पाच मोठे ट्रक लागले. गॅलरी त्यांनी विचार करून निवडली होती. तिथे प्रवेशाला तिकीट नाही आणि संग्रहात आलेली वस्तू ती संस्था विकत नाही. म्हणजे ज्या टपाल कारकुनाच्या पगारातून चित्रे आली, तसाच दुसरा कारकून आत जाऊन ती फुकट पाहू शकतो. पुढे संग्रह एका जागी मावेनासा झाला. मग 2008 मध्ये अमेरिकेच्या 50 राज्यांतील प्रत्येकी एका संस्थेला 50 कामे, अशी एकूण 2,500 कामे वाटण्याची योजना जाहीर झाली. त्यांची कागदपत्रेही आज कलाविषयक दफ्तरखान्यात जपलेली आहेत. कागद फेकायचा नाही, हा ग्रंथपालाचा संस्कार त्यात मला दिसतो.

कुणी म्हणेल, हे अमेरिकेत चालते, आपल्याला काय त्याचे? तर आपलेच उदाहरण घेऊ. पाटण्याचे वकील खुदा बख्श यांना वडिलांकडून सुमारे 1,400 हस्तलिखिते मिळाली. त्यांनी ती वाढवत चार हजारांपर्यंत नेली आणि 1891 मध्ये कुतुबखाना लोकांसाठी खुला केला. त्यांची कबरही त्याच आवारात आहे. डोरोथींनी जे केले त्याला आपण वक्फ म्हणालो असतो. शब्द आपल्याकडे आहे, नमुनाही आपल्याकडे आहे.

दुसरा आक्षेप चित्रांचा. चित्रे आपल्यात चालत नाहीत, असे म्हणून अनेक घरांत कलेचे दारच बंद केले जाते. फिकहच्या चर्चेत मी शिरत नाही, तो माझा अधिकार नाही. पण खुदा बख्श ग्रंथालयातच तैमूर घराण्याच्या इतिहासाचे ते हस्तलिखित आहे, जे अकबराच्या दरबारातल्या चितेऱ्यांनी सजवले. खत्ताती तर आपल्या प्रत्येक मशिदीत आहे. पुस्तक आणि कला आपल्या परंपरेत एकाच दालनात राहत आली, त्यांना वेगळे आपण केले.

आता आपल्या कपाटांकडे पाहू. माझ्या पेशातली कितीतरी वडीलधारी माणसे हयातभर पुस्तके जमवतात. इक्बाल, मंटो, पाडगावकर, फ. म. शहाजिंदे, जुने उर्दू रिसाले, दिवाळी अंक. डोळे मिटले की कपाट रद्दीच्या तराजूवर जाते. मुलांना दोष देऊन उपयोग नाही. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाला उर्दूची लिपी वाचता येत नाही. त्याच्या दृष्टीने ते धूळ धरणारे कागद असतात. वसीयतीत जमीन लिहिली जाते, दागिने लिहिले जातात, पुस्तके मात्र राहून जातात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुस्तके द्यायची तरी कुठे? शाळेच्या वाचनालयाला कुलूप असते, कारण पुस्तक हरवले तर भरपाई ज्याच्याकडे किल्ली त्याच्या पगारातून, ही भीती. गावातली वाचनालये 1967 च्या कायद्याप्रमाणे मिळणाऱ्या अनुदानावर चालतात आणि तिथला ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर दिवस काढतो. उर्दू पुस्तकांची नोंद करू शकणारा माणूस तर क्वचितच सापडतो. अशा ठिकाणी दिलेले पुस्तक रद्दीतून वाचते आणि कुलपात मरते.

म्हणून देणाऱ्यानेही डोरोथींसारखे प्रश्न विचारावेत. नोंद कोण करणार? पुस्तक घरी न्यायला मिळणार का? मुलींना वाचनालयात यायला मोकळीक आहे का? उत्तर समाधानकारक नसेल तर दुसरी संस्था शोधावी. आणि देण्याआधी आपल्या हाताने यादी करावी, पुस्तकाचे नाव उर्दू आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत लिहावे. हे काम मुले करू शकणार नाहीत, ते आपल्यालाच करायचे आहे, डोळ्यांना दिसते आहे तोवर.

संस्था चालवणाऱ्यांकडे एकच मागणी आहे. मदरसा, शाळा, जमातखाना यांच्या इमारतींवर लाखो रुपये खर्च होतात. त्यातून एका ग्रंथपालाचा पगार काढा आणि दार संध्याकाळी दोन तास उघडे ठेवा. सदका-ए-जारियामध्ये विहीर येते, तसे लोकांच्या उपयोगी पडणारे इल्मही येते. पाणी भरायला दोर लागतो, तसा वाचनालयाला ग्रंथपाल लागतो.