जमिनीवरून उठताना

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना वाटेत मार्गासनी लागते. राजगड पाहायला निघालेली मंडळी येथूनच साखर-गुंजवण्याकडे वळतात. माझ्या आत्याचे घर याच गावात आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत तिच्याकडे गेलो होतो. पाने मांडली गेली आणि आत्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आली. शहात्तर वर्षांच्या बाईने खुर्चीवर बसून जेवावे, यात घरात कोणालाच वावगे वाटले नाही. मला मात्र ते खटकले. त्याच वर्षी जुलैत ती डोईवर खोळ घेऊन भाताच्या खाचरात लावणीला उतरली होती.

मधल्या काळात काय घडले ते सुनेने सांगितले. लावणी संपता संपता आत्याला ताप आला आणि दहा-बारा दिवस ती खाटेवर होती. ताप गेला, पण पुण्यातल्या मुलांनी फोनवरून बजावले, ‘‘आई, आता शेतात पाय टाकायचा नाही. जन्मभर राबलीस, आता बसून खा.’’ सून चहा, पाणी, जेवण सारे खाटेशी नेऊन देऊ लागली. यात प्रेमावाचून दुसरे काही नव्हते, आणि म्हणूनच त्यातली हानी कोणाच्या ध्यानात आली नाही.

ही हानी मोजली गेलेली आहे. अमेरिकेतील एका अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस केवळ अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू झिजला. ती माणसे आजारी नव्हती, हे लक्षात घ्यावे. तापाने अन्नावरची वासना उडालेल्या माणसाचे नुकसान याहून कमी होण्याचे कारण नाही. तरुणपणी ही झीज हिंडता-फिरता भरून निघते. उतारवयात ती जाणीवपूर्वक भरून काढावी लागते. मांडीच्या पुढच्या बाजूचे मोठे स्नायू आपल्याला बसल्या जागेवरून वर उचलतात. तेच प्रथम अशक्त होतात.

वजनकाट्यावर हे दिसेलच असे नाही, कारण स्नायूंची जागा चरबी घेते. दिसते ते वागण्यात. उठताना हात गुडघ्यावर जातो. शेजारी जाणे हळूहळू बंद होते. रात्री उठावे लागू नये म्हणून माणूस संध्याकाळपासून पाणीच पीत नाही. आत्याचे हेच चालले होते, आणि घरच्यांना वाटे, वयच झाले!

वय होतेच, पण नव्वदीतही स्नायू व्यायामाला दाद देतात. बोस्टनच्या एका वृद्धसेवा संस्थेतील नव्वदीच्या आसपासच्या दुर्बल स्त्री-पुरुषांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला गेला. तो अभ्यास 1990 साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी तो पुरा केला, त्यांच्या पायांची शक्ती सरासरी दुपटीहून अधिक वाढली होती.

आपल्याला यंत्रांची गरज नाही. एक भक्कम, न डळमळणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. हात छातीशी घेऊन तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते, ते घरच्या माणसाने जवळ उभे राहून मोजावे. पंचाहत्तर ते एकोणऐंशी या वयात स्त्रियांना दहापेक्षा कमी आणि पुरुषांना अकरापेक्षा कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका अधिक मानतात. आत्याला हाताच्या आधाराशिवाय एकदाही जमले नाही. अशांनी खुर्चीवर घडी केलेली घोंगडी घालून बैठक उंच करावी, हातांचा आधार घ्यावा, पाच वेळा उठावे, थांबावे, पुन्हा पाच वेळा उठावे. एक दिवसाआड एवढे पुरे. बसताना धपकन न बसता सावकाश खाली यावे; अर्धा व्यायाम त्या खाली येण्यातच आहे.

आत्या ऐकेना. ‘‘उठाबशा काढायला मी काय शाळेतलं पोरगं आहे?’’ तिचा प्रश्न रास्त होता. मग सुनेने युक्ती केली. पावट्याच्या शेंगा सोलायला आत्याच्या हाती दिल्या, पण सोललेल्या दाण्यांचे सूप पडवीच्या दुसऱ्या टोकाला ठेवले. ओंजळभर दाणे झाले की उठून जायचे. शुश्रूषा करणाऱ्यांना मी आता व्यायामाच्या तक्त्याआधी हीच गोष्ट सांगतो.

आहाराकडेही पाहावे लागले. आमच्या या भागात भात मुख्य. आजारपणानंतर तर भात आणि पातळ आमटी एवढेच. शिजवलेल्या भाताच्या वाटीत जेमतेम तीन-चार ग्रॅम प्रथिने असतात. वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे रोज एक ग्रॅम किंवा थोडे अधिक मिळावे, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. पंचेचाळीस किलोच्या आत्याला म्हणजे पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम हवेत. घट्ट वरणाची वाटी, एक अंडे, पेलाभर दूध किंवा मूठभर भाजलेले शेंगदाणे यांतून प्रत्येकी सहा-सात ग्रॅम मिळतात. दात नसल्यास शेंगदाण्यांचे कूट करावे. पावटा, मसूर, हरभरा यांची उसळ मऊ शिजवावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिने वाढवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

आणखी थोडे सावधगिरीचे. झोपेतून उठताना मिनिटभर खाटेच्या कडेला बसावे, मगच उभे राहावे. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी तर अवश्य. छातीत दुखले, चक्कर आली, एकाच बाजूचा हात-पाय एकाएकी लुळा वाटला, तर तो स्नायूंचा प्रश्न नव्हे. विलंब न करता रुग्णालय गाठावे. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांच्या अनुमतीवाचून जमिनीवर बसू नये. आणि पावसाळ्यात अंगणातले शेवाळ घरातल्या तरुणांनी खरवडून काढावे.

यंदाच्या लावणीला आत्या बांधापर्यंत गेली. चिखलात उतरू द्यायला मुले अजूनही तयार नाहीत, आणि त्यावरून मायलेकांचा वाद चालूच आहे. माझे मत आत्याच्या बाजूचे असले तरी निसरड्या खाचराचा विचार करता मी गप्प बसतो. जेवायला ती आता सर्वांबरोबर खाली बसते. उठताना अजून खांबाला हात लावावा लागतो, म्हणून तिचा पाट खांबाजवळ मांडतात.