अर्ध्या गुणाचे मीठ

मी मराठीचा मास्तर. कॉलेजात शिकवू लागल्यापासून लोक प्राध्यापक म्हणतात, तरी दुसऱ्याच्या लेखनातल्या चुका काढण्याची खोड मास्तराचीच राहिली आहे. आमच्या घरी वाण्याच्या यादीवरही तांबडी रेघ ओढली जाते आणि त्यावर सौभाग्यवती जे बोलतात, ते दिवाळीच्या अंकात छापण्याजोगे नसते. अशा माणसाला खनिजांच्या आणि स्फटिकांच्या पाठाचे आमंत्रण आले, तेव्हा ते पत्ता चुकून आले असावे असेच मला वाटले.

पण नाही. रोह्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारे माझे स्नेही म्हणाले, “अहो, मुलांना स्फटिक म्हटले की देव्हारा आठवतो आणि खनिज म्हटले की कोलारचे सोने. हे शब्द त्यांच्या घरचे करून द्यायला तुम्ही या. बाकीचे मी बघतो.”

पेणहून एस.टी.ने निघालो. वडखळ, नागोठणे करीत रोह्याला पोचलो, तेव्हा वर्गात बाजार भरला होता. कुणी तुरटी आणली होती, कुणी गेरू, कुणी आजीच्या डब्यातली रांगोळी. एकाने कुंडलिकेच्या पात्रातला काळा दगड आणला होता. त्याच्या भोकांत पांढरे काहीतरी चमकत होते.

“हा बुरशी आलेला दगड आहे,” एक मुलगा म्हणाला.

स्नेह्यांनी भिंग पुढे केले. मग सांगितले, की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा सह्याद्री लाव्हारसाच्या थरांनी घडला. रस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने आपल्याबरोबर आणलेली द्रव्ये त्या पोकळ्यांत ठेवली आणि त्यांचे स्फटिक झाले. 1863 साली भोर घाटातून आगगाडी सुरू झाली. त्या घाटाचे बोगदे खोदताना निघालेले असे स्फटिक साहेबाने जपून विलायतेस नेले. आज ते बघायला तिकडे जायला नको. नाशिकजवळ सिन्नरला ‘गारगोटी’ नावाचे संग्रहालयच आहे. मुलाने बुरशीचा दगड हळूच रुमालात गुंडाळला.

मग खिडकीतल्या बशा आल्या. आठ दिवसांपूर्वी मुलांनी पाण्यात विरघळेल तेवढे मीठ विरघळवून ते पाणी बशांत ओतून ठेवले होते. आता तळाशी चौकोनी दाणे बसले होते, जणू कुणी कानसेने घासून सारखे केलेले. बारीक चुरा भिंगाखाली धरला, तर त्यातही बहुतेक चौकोनच. मिठाचे कण आत ओळीने, काटकोनात बसलेले असतात, म्हणून बाहेरचा आकारही तसाच. 1913 साली ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ही आतली रचना ताडली. 1915 साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा मुलगा पंचवीस वर्षांचा होता.

एक मुलगी मात्र बशीवरून मान वर करीना. “सर, हा दाणा कालच्यापेक्षा मोठा झालाय. हा वाढतोय!”

“वाढतोच,” स्नेही म्हणाले. “आधी एक बारीक बी धरते. मग त्याच्यावर थर चढत जातात. पाणी सावकाश उडाले तर दाणा टपोरा होतो, घाई झाली तर बारीक राहतो.”

बी, वाढ, टपोरा दाणा. मी तेथेच बाकावर बसलो.

वीस वर्षांपूर्वी मी पेणला शाळेत होतो. ‘माझे गाव’ या निबंधात एका आगरी मुलाने लिहिले होते, ‘यंदा आमच्या मिठागरात मीठ चांगले पिकले.’ मी ‘पिकले’ खाली तांबडी रेघ ओढली, समासात लिहिले, ‘धान्य पिकते, मीठ तयार होते,’ आणि अर्धा गुण कापला. एवढ्यावर थांबलो नाही. ते वाक्य वर्गात वाचून दाखवले. मुले हसली. त्यानंतर त्या मुलाने मिठागराचे नाव निबंधात कधी काढले नाही. पुढच्या निबंधात त्याच्या घरापुढे बंगला होता, बाग होती, कारंजे होते. शुद्धलेखन निर्दोष होते. मी त्याला शाबासकी दिली होती.

रोह्याहून परतल्यावर मी त्याला शोधत गेलो. आता त्याचा गणपतीचा कारखाना आहे. हाताला प्लॅस्टर लागलेलेच होते. मी सारे सांगितले. त्याला निबंध आठवत होता. अर्धा गुणही.

“सर, मीठ पिकवणे म्हणजे शेतीच,” तो म्हणाला. “खाडीचे पाणी घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवायचे, उन्हावाऱ्यावर आटवायचे. आधी चुना बसतो, मग जिप्सम, मग मीठ धरते. शेवटचे कडू पाणी वेळेवर सोडले नाही तर सगळा माल कडू. आमचे बाबा नुसते बोट बुडवून सांगायचे, आज पिकेल की उद्या.”

समुद्राच्या लिटरभर पाण्यात पस्तीसेक ग्रॅम क्षार असतात. त्यातले नऊ हिस्से पाणी उडून एक उरते, तेव्हा कोठे मीठ धरू लागते. हे मला पुस्तकात वाचावे लागले. त्याच्या वडिलांच्या बोटाला ते माहीत होते आणि त्यांच्या भाषेत त्याला नेमका शब्द होता. रेघ ओढणारा मी होतो.

“चल, मला ते मिठागर दाखव,” मी म्हणालो.

“कुठले दाखवू, सर? बाबा गेले. वाफ्यांवर केव्हाच भराव पडला.” मग हातातल्या साच्याकडे बघून हसला. “हे प्लॅस्टरसुद्धा जिप्समच. भाजून त्याचे पाणी काढलेले. पाणी परत मिळाले की सुयांसारखे स्फटिक एकमेकांत अडकतात आणि मूर्ती धरते. म्हणजे धंदा बदलला नाही म्हणायचा.”

अर्धा गुण परत देण्याची सोय कोणत्याच बोर्डात नाही. म्हणून येथे छापून देतो: ‘मीठ पिकते’ हे वाक्य शुद्ध आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना खिडकीत मिठाच्या पाण्याची एक बशी ठेवू द्या. आठवड्याने कुणी धावत येऊन ‘मीठ पिकले’ म्हणाले, तर वहीकडे नको, बशीकडे बघा.