डोंगर कुणाचा, धुकं कुणाचं?

जलरंगात पांढरा रंग सहसा लावत नाहीत. कागद कोरा सोडतात. तोच कोरा भाग म्हणजे धुकं, ढग, धबधबा. सह्याद्रीची अशी कैक चित्रं मी बघितली, आणि दरवेळी त्या कोऱ्या जागेला माझा एकच सवाल असतो : इथली वाडी कुठं गेली?

ही नजर विलायतेतनं आली. एडमंड बर्कनं १७५७ साली तिचं शास्त्र मांडलं : अजस्र, भयंकर गोष्टीतून उदात्ताचा अनुभव येतो, पण धोका लांब असला तरच. टर्नरनं १८४२ साली स्वित्झर्लंडचा रिगी डोंगर निळ्या जलरंगात विरघळवला. टर्नर मोठा चित्रकार, वाद नाही. पण साहेबाच्या राज्यात १८५७ला मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघालं, निसर्गचित्राची विलायती रीत इथं रुजली, आणि आमच्या पांढरपेशांनी रंगांबरोबर ते लांब उभं राहणंही उचललं.

१८६३ला बोरघाटातून आगगाडी धावली. घाट फोडताना हजारो मजूर मेले. पुढं त्याच गाडीनं हौशी मंडळी खंडाळ्याला हवा खायला आली. चित्रात कडा आला. सुरुंग लावणारा आला नाही.

मी चाकणला ठेकेदाराच्या हजेरीवर. जिथं घाम गाळतो त्या कंपनीच्या रिसेप्शनला असाच एक हिरवा-निळा डोंगर टांगलाय. त्याच नाशिक रोडनं पुढं जा, मंचरवरून आत वळा, की माळीणची वाट. ३० जुलै २०१४ला सकाळी डोंगर खाली आला. आदिवासी गाव गाडलं गेलं, दीडशेवर माणसं मेली. वाचलेल्यांना विचारा डोंगराची भव्यता! पायथ्याला राहणाऱ्याला मुसळधार पाऊस म्हणजे रात्रभर जागरण.

कुणी म्हणेल, कलेत राजकारण आणू नका. अरे, माणूस पुसलात तेव्हाच ते आणलंत ना! कार्ल्याला जाऊन बघा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या बौद्ध लेण्यात दार घडवणाऱ्या सुताराचं नाव दगडात कोरलंय : धेनुकाकटचा सामी. तिथं डोंगरही आहे आणि राबणारा माणूसही.

तेव्हा भोसरी-आकुर्डी-चाकणच्या पोरापोरींनो, ब्रश हातात घ्या. डोंगर जरूर रंगवा, त्याचा दगड आपल्याच बापजाद्यांनी फोडलाय. धुकंही काढा. फक्त कागद कोरा सोडायच्या आधी बघा, तिथं कुणाचं घर आहे.