मंत्रिपद म्हणजे फितुरी नव्हे



कामगार पुढारी मंत्री झाला की कामगाराला विसरतो, असे सरसकट विधान आपल्या एका पत्रलेखकाने केले आहे. ते मला मान्य नाही. माझे वडील हिंगोलीतून जाणाऱ्या मीटरगेज मार्गावर गँगमन होते. ८ मे १९७४ च्या रेल्वे संपात तेही उतरले. वीस दिवस त्यांचा घण दाराआड उभा होता आणि घरात भाकरीसोबत फक्त ठेचा. त्या संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस १९७७ मध्ये तुरुंगातून निवडून आले आणि केंद्रात मंत्री झाले. त्याच मंत्रिमंडळात मधु दंडवते रेल्वेमंत्री होते. संपात बडतर्फ झालेल्यांना त्यांनी पुन्हा कामावर घेतले. कितीतरी घरांत चूल पुन्हा पेटली, हे विसरायचे?

जॉर्ज यांच्या १९७९ मधील कोलांटउडीचे समर्थन मी करणार नाही. आदल्या दिवशी लोकसभेत सरकारची बाजू मांडायची आणि लगेच साथ सोडायची, हे तेव्हाही खटकले होते. पण तेच १९८९ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. पत्रलेखकाने या नोंदी तपासून आपले मत पुन्हा मांडावे, ही विनंती.

– एका गँगमनचा मुलगा, हिंगोली